मंडळाची वही, ट्रंकेतले फोटो आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात आपण एवढंच लिहिलं होतं की महिला मंडळांच्या जुन्या वह्या रद्दीत घालू नका, तर त्यावर पत्रं आणि मेसेज इतके आले की यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच द्यावा लागतोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं-गावं मुद्दाम गाळलीयेत, कारण बऱ्याच जणींनी आपापल्या मंडळाबद्दल फारच मोकळेपणाने लिहिलंय, आणि उद्या मीटिंगला त्यांना तिथेच बसायचंय.

प्रश्न : आमच्या मंडळाला पुढच्या वर्षी पन्नास वर्षं होतायत. स्मरणिका काढायचं ठरलंय आणि इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. हाताशी एक फाटकी प्रोसिडिंगची वही, एक ट्रंक भरून फोटो आणि ऐंशीच्या पुढच्या तीन आज्या. सुरुवात कुठून करू?

उत्तर : आज्यांपासून. आणि या आठवड्यातच. वही कुठे पळून जात नाहीये.

त्यांच्याकडे गेलात की "मंडळ कधी सुरू झालं हो" असं विचारू नका, साल कुणालाच आठवत नसतं आणि मग बिचाऱ्या उगाच ओशाळतात. त्यापेक्षा असं विचारा की बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी की नंतर, आणीबाणी होती का तेव्हा, शिवणक्लास सुरू झाला तेव्हा इंदिराबाई (गांधी) होत्या का गेल्या होत्या, किल्लारीला कपडे पाठवले ते मंडळाच्या जुन्या जागेतून की नव्या. आणीबाणी म्हणजे जून १९७५, इंदिराबाई गेल्या ३१ ऑक्टोबर १९८४ ला, किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा, या तारखा पक्क्या आहेत त्यामुळे बाकीच्या गोष्टी त्यांच्या अलीकडे-पलीकडे लावता येतात. ज्यांची मंडळं याहून जुनी आहेत त्यांनी पानशेतचं धरण फुटलं तो दिवस (१२ जुलै १९६१) आणि कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७) धरावा. आणि शक्य असेल तर दोघींना एकत्र बसवा. एक सांगायला लागली की दुसरी मधेच "अगं नाही गं" म्हणते, आणि खरी माहिती त्या "अगं नाही गं" च्या पुढे येते. मोबाइलवर रेकॉर्डिंग करताना आधी विचारा, आणि सुरुवातीलाच कोण बोलतंय आणि आज तारीख काय ते मोठ्याने बोलून टाका, नाहीतर वर्षभराने कुठला आवाज कुणाचा तेच कळत नाही.

आता वही. प्रोसिडिंगमधले ठराव वाचून खरं सांगायचं तर फारसं हाताला लागत नाही, सगळं सर्वानुमते पास झालेलं असतं आणि मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम केलेलं असतं, बस. त्यापेक्षा कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, मिळाली तर सोनं समजा. सतरंजीचं भाडं, रॉकेल, बालवाडीच्या बाईंचं मानधन, रिक्षाभाडं, या बारीक खर्चातून मंडळ रोज काय करत होतं ते दिसतं. तसंच डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे मंडळाच्या सामानसुमानाची नोंदवही. त्यात शिलाई मशीन एकाची चार कधी झाली, मोठी पातेली कधी घेतली, ती लग्नाला भाड्याने देत होतात का, असलं सगळं असतं. मला विचाराल तर मंडळाचा अर्धा इतिहास त्या पातेल्यांतच आहे, कारण पातेल्यांच्या भाड्यावर कितीतरी मंडळांनी वर्षानुवर्षं बालवाड्या चालवल्यात.

तुमच्याकडची वही फाटकी असली तरी मंडळ रजिस्टर असेल तर सरकारी कागद शिल्लक असणार. आपल्याकडे संस्था १८६० च्या सोसायटी कायद्याखाली नोंदवली की १९५० च्या पब्लिक ट्रस्ट कायद्याखालीही नोंदवावी लागते, म्हणून मंडळाच्या जुन्या लेटरहेडवर दोन नंबर असतात, त्यातला एफ ने सुरू होणारा ट्रस्टचा. तो नंबर घेऊन धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात जा आणि पीटीआरचा, म्हणजे ट्रस्टच्या नोंदणी रजिस्टरचा, उतारा मागा. कार्यकारिणी बदलली की दरवेळी चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, त्यामुळे कोण कधी अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार होतं त्याची यादी तिथे तयार मिळू शकते. सोसायटीच्या नोंदणीला किमान सात जण लागतात, तेव्हा मूळ अर्जावर पहिल्या सात सह्या असतीलच. त्या सह्यांचा फोटो स्मरणिकेच्या पहिल्या पानावर टाका, आमदारसाहेबांचा शुभेच्छा संदेश मागे कुठेतरी गेला तरी चालेल.

अजून एक जागा लोकांच्या लक्षात येत नाही, जिल्ह्याचं गॅझेटियर, म्हणजे सरकारने छापलेला जिल्ह्याच्या माहितीचा जाडजूड ग्रंथ. १९५० आणि ६० च्या दशकात जे जिल्हा गॅझेटियर निघाले त्यात सार्वजनिक जीवन आणि स्वयंसेवी संस्थांवर वेगळं प्रकरण असायचं, आणि कधीकधी अगदी तालुक्याच्या गावातल्या महिला मंडळाचाही त्यात उल्लेख असतो. तुमचं मंडळ नंतरचं असलं तरी त्याच्या आधी गावात काय होतं ते बघून ठेवा, बऱ्याचदा नवं मंडळ हे जुन्या मंडळातूनच निघालेलं असतं. शिवाय गावातल्या जुन्या वाचनालयात स्थानिक पेपरच्या बांधीव फायली असतील तर जानेवारी-फेब्रुवारीचे अंक आधी चाळा, कारण संक्रांतीच्या कार्यक्रमांच्या बातम्या हमखास तिथे सापडतात.

फोटोंचं म्हणाल तर दोन्ही बाजू स्कॅन करा. मागे स्टुडिओचा शिक्का असतो, पेन्सिलने लिहिलेलं असतं. आणि नावं. जुन्या हजेरीत "सौ. कुलकर्णी", "डॉक्टरीणबाई", "स्टेशनमास्तरांच्या मिसेस" असंच लिहिलेलं असतं, तर प्रत्येकीचं स्वतःचं नाव शोधून काढा. हे काम किचकट आहे, फोन करकरून जीव जाईल, पण दुसरं काही जमलं नाही तरी हे करा. अध्यक्षांची यादी तर कुणीही छापेल, चहा करणारी आणि बालवाडीतली मुलं घरोघर पोचवणारी बाई कोण होती ते तुम्ही छापा.

प्रश्न : महाराष्ट्रातलं पहिलं महिला मंडळ कुठलं? आमच्या ग्रुपवर यावरून जोरदार वाद झाला, कोणी म्हणे पंडिता रमाबाई, कोणी म्हणे हे सगळं अमेरिकेतून आलं.

उत्तर : दोघींनाही सावित्रीबाईंचा विसर पडलेला दिसतोय. सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात १८५२ साली महिला सेवा मंडळ काढलं. त्याच वर्षीच्या संक्रांतीला तिळगुळाचा कार्यक्रम ठेवला, अध्यक्ष म्हणून कलेक्टरच्या पत्नीला बोलावलं आणि निमंत्रणात स्पष्ट सांगितलं की कुठल्याही जातीच्या बाया आल्या तरी सगळ्यांना एकाच जाजमावर बसवलं जाईल. पुण्यात. १८५२ मध्ये. अमेरिकेतला जो क्लब नेहमी सांगितला जातो, न्यूयॉर्कचा सोरोसिस, तो १८६८ चा. चार्ल्स डिकन्सच्या सन्मानाच्या जेवणाला प्रेस क्लबने बायकांना प्रवेश नाकारला म्हणून जेन क्रोली नावाच्या पत्रकार बाईने चिडून काढलेला. चांगली गोष्ट आहे, पण आपलं काही तिथून आलेलं नाही.

पंडिता रमाबाई पुण्यात आल्या १८८२ ला आणि त्याच वर्षी त्यांनी आर्य महिला समाज काढला. दर आठवड्याला बायका जमायच्या, वाचन, व्याख्यान, चर्चा. त्याच साली शिक्षणाची चौकशी करणाऱ्या सरकारी हंटर कमिशनपुढे त्यांनी साक्ष दिली की बायकांसाठी बायकाच शिक्षिका आणि बायकाच डॉक्टर हव्यात. पुढच्याच वर्षी त्या इंग्लंडला गेल्या, पण समाज बंद नाही पडला, मुंबईतही सुरू झाला आणि मुंबईचा तर अजून चालू आहे. त्या सभांना जाणाऱ्यांत रमाबाई रानडे होत्या, आणि घरातल्या मोठ्या बायका त्यावरून किती बोलायच्या ते त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. बाहेरच्या विरोधाला लोक निदान भाषणाने उत्तर देतात हो, स्वयंपाकघरातल्या टोमण्यांना काय उत्तर देणार.

पण पहिलं कोण यापेक्षा मला १९०९ साल जास्त महत्त्वाचं वाटतं. मुंबईत बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी १९०८ ला सेवासदन काढलं आणि पुढच्या वर्षी रमाबाई रानड्यांनी गोपाळ कृष्ण देवधरांना बरोबर घेऊन पुण्यात. तोवर बायकांच्या संस्था म्हणजे मुख्यतः आठवड्यातून एकदा जमून ऐकायची-बोलायची जागा होती, इथे रोजचे वर्ग सुरू झाले, शिवण, प्रौढ बायकांचं लिहिणं-वाचणं, नर्सिंग. सेवासदनच्या मुली नर्सिंग शिकायला ससून हॉस्पिटलला जायला लागल्या. सोवळ्याओवळ्याच्या त्या काळात परक्या पेशंटची सेवा करायची, आणि त्यात पुष्कळ जणी विधवा, म्हणजे शहरात काय बोललं गेलं असेल त्याचा अंदाज करा. आज तुमच्या-माझ्या मंडळात शिवणक्लास आणि फर्स्ट एडचा कोर्स असतो त्याचं मूळ मला तिथे दिसतं. पुढे १९२७ च्या जानेवारीत ऑल इंडिया विमेन्स कॉन्फरन्सचं पहिलं अधिवेशनसुद्धा पुण्यातच, फर्ग्युसन कॉलेजमध्ये, बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई अध्यक्ष.

प्रश्न : माझी मुलगी म्हणते तुमची मंडळं म्हणजे हळदीकुंकवाचे क्लब. राग येतो पण उत्तर देता येत नाही.

उत्तर : राग कशाला, थोडं खरंच आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी "सभेला जाते" म्हटलं तर घरातून पाऊल बाहेर टाकता यायचं नाही, "हळदीकुंकवाला जाते" म्हटलं तर कोण अडवणार? म्हणून कित्येक वर्षं बायकांना जमवायचं तर हळदीकुंकू हाच हुकमी रस्ता होता, आधी कुंकू लावायचं, मग हळूच भाषण, स्वदेशीचा प्रचार, नंतर खादी आणि सत्याग्रहसुद्धा.

पण मुलीच्या बोलण्यातली जी बाजू तुम्हाला टोचली असेल ती अशी की हळदीकुंकवाने जितक्या बायका आत आल्या तितक्याच दारात अडल्या. ज्या विधवांसाठी संस्था काढल्या त्यांनाच संस्थेच्या मोठ्या समारंभात एका बाजूला बसावं लागायचं. आता बऱ्याच मंडळांनी सरसकट तिळगूळ समारंभ केलाय, सगळ्यांना बोलावतात. ज्यांनी नाही केला त्यांनी १८५२ च्या जाजमाची गोष्ट मीटिंगमध्ये वाचून दाखवावी, परंपरा मोडतेय म्हणणाऱ्यांना सांगता येतं की ही त्याहून जुनी परंपरा आहे.

प्रश्न : इनर व्हील आणि रोटरी एकच का? आमच्या इथल्या इनर व्हीलचा इतिहास लिहायचाय.

उत्तर : एक नाहीत, नातं आहे. रोटरीत तेव्हा पुरुषच. मँचेस्टरमधल्या रोटेरियन लोकांच्या बायका कामाला मदत करायच्याच, त्यांतल्या मार्गारेट गोल्डिंग, स्वतः नर्स आणि पुढे व्यवसाय करणाऱ्या, यांनी १९२३ च्या नोव्हेंबरात सगळ्यांना जमवलं, तेही एका टर्किश बाथमध्ये, आणि १० जानेवारी १९२४ ला क्लबची रीतसर बैठक झाली. म्हणून इनर व्हील डे दहा जानेवारीला असतो. भारतातला पहिला क्लब अहमदाबादचा, १९५५ सालचा. बरीच वर्षं सभासद व्हायला रोटेरियनशी नातं लागायचं, आता तो नियम सैल झालाय. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९८७ साली निकाल दिला आणि मग १९८९ ला रोटरीने जगभर बायकांना सभासद करून घ्यायचं मान्य केलं, लायन्सनेही १९८७ लाच दार उघडलं. तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं होतं आता इनर व्हील संपणार. नाही संपलं. का नाही संपलं, हा तुमच्या क्लबच्या जुन्या सभासदांना विचारायचा प्रश्न आहे, उत्तरं मजेदार मिळतील. क्लबची चार्टर (अधिकृत मान्यतेची) तारीख आणि पहिली मीटिंग यात बऱ्याचदा काही महिन्यांचा फरक असतो, दोन्ही लिहा, नाहीतर पुढच्या पन्नाशीला परत वाद.

प्रश्न : आमच्या वस्तीतलं मंडळ कधी रजिस्टर झालंच नाही. लिहिता येणारी एखादीच होती, कागद नाही, फोटो नाहीत. मग आमचा इतिहास नाहीच का?

उत्तर : आहे, आणि या सगळ्या पत्रांत मला तुमच्या पत्राने जास्त विचारात पाडलं. वरती मी कीर्द, पीटीआर, गॅझेटियर असं कायकाय सांगितलं ना, ते सगळं ज्यांच्याकडे जागा होती, कपाट होतं आणि लिहिणारी बाई होती त्यांच्यासाठी. पुण्या-मुंबईच्या सुरुवातीच्या मंडळांत बहुतेक बायका वरच्या जातींतल्या, शिकलेल्या नवऱ्यांच्या, म्हणून त्यांचं सगळं छापलं गेलं.

उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी काय केलं ते बघा. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांच्या कामाची नीट नोंद कुठे नव्हती तर या दोघी गावोगाव फिरल्या, म्हाताऱ्या झालेल्या कार्यकर्त्या बायकांना शोधून काढलं, त्यांच्या मुलाखती घेतल्या, आणि १९८९ ला "आम्हीही इतिहास घडवला" हे पुस्तक आलं. २० जुलै १९४२ ला नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद झाली, बाबासाहेब तिथे बोलले, हजारो बायका आल्या होत्या. त्या काही आकाशातून पडल्या नव्हत्या, ठिकठिकाणच्या वस्त्यांत त्यांची मंडळं, बैठका आधीपासून चालत होत्या. त्यांचं कपाट नव्हतं एवढंच.

तेव्हा तुम्ही कामाच्या बाजूने जा. वस्तीत पहिला नळ कधी आला, त्यासाठी कोण कोण वॉर्ड ऑफिसला गेलं, रेशनच्या दुकानावर मोर्चा कोणी नेला, दारूचा गुत्ता कोणी बंद पाडला. मुंबईत असाल तर सत्तरच्या दशकात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या महागाईविरोधी लाटणं मोर्चात तुमच्याकडच्या कोणी होत्या का ते विचारा, असणारच. गिरणगावात असाल तर खाणावळ चालवणाऱ्या बायकांना विचारा, प्रेमा पुरव यांनी १९७५ ला अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते त्याच बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवायला, बँकेचं कर्ज मिळवून द्यायला. अर्ज, निवेदनं यांची एखादी कॉपी कुणाच्या तरी रेशनकार्डाच्या पिशवीत निघते. आणि नाहीच निघाली तर चार जणींनी वेगवेगळं सांगितलेलं जुळतं का ते बघा, जुळलं की बिनधास्त लिहा, कोणी सांगितलं आणि कधी सांगितलं ते शेजारी टाका.

प्रश्न : आमचं मंडळ एके काळी गावात सगळं करायचं. बालवाडी, बाळंतपणाची मदत, शिवण. नव्वदीनंतर नुसतं नावाला उरलं. कुणाचं चुकलं?

उत्तर : बहुतेक कुणाचंच नाही. खेड्यापाड्यांत मंडळं झपाट्याने उभी राहिली त्याला सरकारचा मोठा हातभार होता, २ ऑक्टोबर १९५२ ला सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला, ग्रामसेविका आल्या, मंडळ काढा म्हणून त्या मागे लागायच्या. १९५३ ला दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण बोर्ड आलं आणि मंडळांना बालवाडीसाठी, शिवणवर्गासाठी ग्रँट मिळायला लागली. मग २ ऑक्टोबर १९७५ ला ३३ प्रकल्पांपासून अंगणवाडी योजना सुरू झाली, ती जसजशी पसरली तसं बालवाडीचं काम तिकडे गेलं, मुलांना तिथे खाऊ मिळतो म्हटल्यावर मंडळाच्या बालवाडीत कोण येणार. आणि १९९२ पासून नाबार्ड या ग्रामीण विकासाच्या सरकारी बँकेने बचत गट बँकांना जोडायला घेतले. दहा-वीस जणींचा गट, स्वतःचं पासबुक, कर्ज. मंडळात वर्गणी द्यायची आणि गटातून कर्ज मिळतं, बाई कुठे जाईल? मी पण गटातच गेले असते. इतिहासात असं लिहा की मंडळाची कामं कुठे कुठे वाटली गेली. तुमच्या गावातली पहिली अंगणवाडी सेविका आणि पहिल्या बचत गटाची अध्यक्ष मंडळातूनच तयार झालेली होती का हे तेवढं तपासा, मला तर वाटतं होती.

प्रश्न : मंडळ पंधरा वर्षं बंद आहे, पण नावावर एक खोली आहे. काही जणी म्हणतात विकून पैसे वाटून घेऊ.

उत्तर : वाटून घेता येत नाहीत, ट्रस्टची मालमत्ता आहे ती. स्थावर मिळकत विकायला धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते आणि पैसे सभासदांच्या खिशात जाऊ शकत नाहीत. आधी सभा घ्या, नवी कमिटी निवडा, चेंज रिपोर्ट द्या (मुदत नव्वद दिवसांची असते, जुने राहिलेले असतील तर विलंब माफीचा अर्ज), थकलेले हिशेब ऑडिट करून भरा. वर्षानुवर्षं हिशेब न देणाऱ्या संस्थेची नोंदणी रद्द होऊ शकते, तेव्हा चांगला वकील गाठा आणि उशीर करू नका. खोलीतल्या वह्या मात्र आजच घरी आणा, वाळवी परवानगी मागत नाही.

प्रश्न : १९८० च्या दशकात आमच्या मंडळात फूट पडली, हिशेबावरून. दोन मंडळं झाली. दोन्हीकडच्या बायका हयात आहेत. इतिहासात लिहायचं की गाळायचं?

उत्तर : लिहायचं. गाळलंत तर गावातला प्रत्येक माणूस स्मरणिका उघडून आधी तेच पान शोधेल. पण किती लिहायचं ते ठरवा. अमुक सभेत अमुक विषयावर मतभेद झाले, इतक्या जणी बाहेर पडल्या, त्यांनी नवं मंडळ काढलं, त्याने पुढे ही ही कामं केली, एवढं पुरे. कोण कुणाला काय म्हणालं ते नको, आणि हिशेबात कुणी खाल्लं असा संशय तर कागद हातात असल्याशिवाय एका ओळीतसुद्धा नको, पन्नास वर्षांच्या आनंदात नोटीस यायची. दुसऱ्या मंडळाच्या कामाला तितकीच जागा द्या, त्यांच्याकडचे फोटो मागा, न मागता कोणी देत नाही. आणि छापायला देण्याआधी मसुदा दोन्हीकडच्या जुन्या बायकांना वाचायला द्या, फक्त एकाच दिवशी एकाच खोलीत नको.